पुढचा धडा आधीच वाचलेली मुलं

"तुमचा मुलगा हुशार आहे हो, पण वर्गात लक्षच नसतं त्याचं." पालकसभेत हे वाक्य ऐकून आलेले आईबाप घरी एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात. प्रगतिपुस्तकात श्रेणी उत्तम आणि शेऱ्यांच्या रकान्यात 'फार बोलतो', 'इतरांना त्रास देतो', 'वही अपूर्ण'. घरी हेच पोर कृष्णविवरांवर प्रश्न विचारून भंडावून सोडतं, रेल्वेचं वेळापत्रक पाठ म्हणून दाखवतं आणि सोमवारी सकाळी शाळेचं नाव काढलं की त्याच्या पोटात दुखायला लागतं.

दुसरीच्या वर्गात हातच्याची वजाबाकी चालली आहे असं समजा. फळ्यावर दहा उदाहरणं, वर्ग वहीत मान घालून बसलेला. एक मुलगी तीन मिनिटांत मोकळी होते आणि हात वर करते. बाई वही बघतात, "शाब्बास" म्हणतात आणि आणखी दहा उदाहरणं देतात. तशीच, त्याच जातीची. पुढच्या वेळी मुलगी शहाणी होते. ती सातच सोडवते, उरलेला वेळ वहीच्या शेवटच्या पानावर चित्रं काढत बसते आणि महिन्याच्या शेवटी शेरा येतो, 'वही अपूर्ण'. बाईंना बोल लावण्यात अर्थ नाही. 'उपचारात्मक अध्यापन' हा शब्द प्रत्येक शिक्षकाला पाठ असतो, कारण मागे पडणाऱ्या मुलांचा विचार प्रशिक्षणात होतो. पुढे पळणाऱ्यांचं काय करायचं, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

मग पालक शाळा शोधायला निघतात. बहुतेकांच्या डोक्यात पहिला उपाय येतो तो बोर्ड बदलण्याचा. राज्य मंडळातून सीबीएसई, तिथून आयसीएसई, खिसा परवानगी देत असेल तर आयजीसीएसई. वर्षभरात कळतं की पुस्तकं जाड झाली, फी चौपट झाली आणि मूल तिथेही खिडकीबाहेर बघतंय. धडे वाढले म्हणून खोली वाढत नाही, आणि या मुलांना हवी असते ती खोली आणि वेग.

पण त्याआधीचा प्रश्न असा की मूल खरोखरच असामान्य आहे का? आपलं पोर हुशार वाटत नाही असे आईबाप अजून जन्माला यायचे आहेत, त्यामुळे घरच्यांची साक्ष इथे फारशी ग्राह्य नाही. उलट बाजूही आहे. मुलीचं डोकं चारचौघींपेक्षा वेगळं चालतं हे कळत असूनही, 'मिरवतात' असं लोक म्हणतील या धाकाने गप्प बसणारी घरं पुष्कळ आहेत.

म्हणून मदत घ्यावी लागते ती चाचणीची. आल्फ्रेड बिने यांनी पॅरिसमध्ये १९०५ साली बुद्धिमापनाची पहिली चाचणी केली ती शाळेत मागे पडणारी मुलं ओळखण्यासाठी. महाराष्ट्राचं या विषयाशी जुनं नातं आहे. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिनेची चाचणी कन्नड आणि मराठी मुलांसाठी बेतली आणि तिच्यावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९४० मध्ये निघालं. बिने-कामत या नावाने ती अजूनही बालमार्गदर्शन केंद्रांत वापरली जाते. पुढे नागपूरला फादर मालिन यांनी मुलांच्या बुद्धिमापनाच्या वेक्सलर चाचणीचं भारतीय रूप तयार केलं.

अशी चाचणी म्हणजे लेखी पेपर नसतो. मानसतज्ज्ञ मुलासमोर बसतात आणि तासभर, कधी त्याहून जास्त, एकेक काम देत जातात. आकडे सांगून ते उलट क्रमाने म्हणायला लावतात. एखादं विसंगत वाक्य ऐकवून त्यात खुळचटपणा कुठे आहे ते विचारतात. दोन वस्तूंत सारखं काय ते सांगायला लावतात, ठोकळ्यांची नक्षी जुळवायला देतात. कसलेले मानसतज्ज्ञ उत्तराइतकंच मूल अडलं की काय करतं तेही टिपतात: चिडतं, सोडून देतं, की नवी वाट शोधतं. पालकांनी मागून घ्यायचा तो हा तपशील. नातेवाइकांना सांगण्यापुरता आकडा घेऊन परतलात तर पैसे वाया गेले समजा.

आकड्याचा हिशेब सोपा आहे. बुद्धिगुणांकाची सरासरी १०० धरतात. १३० च्या वर शंभरात दोन-तीन मुलं असतात, म्हणजे साठ जणांच्या वर्गात एखादं तरी बहुधा असतं. १४५ च्या पलीकडे हजारात जेमतेम एखादं. या दोघांच्या गरजा मात्र एकसारख्या नाहीत. पहिल्याला चांगली शाळा आणि जागरूक शिक्षक मिळाले की त्याचं बहुधा भागतं. दुसऱ्याची शाळेशी गाठ घालून देणं हे खरोखर कठीण काम.

आकड्यावर किती भिस्त ठेवायची याचा धडा कॅलिफोर्नियाच्या लुईस टर्मन यांच्याकडून घ्यावा. त्यांनी १९२१ पासून चाचण्या घेऊन सुमारे दीड हजार अतिहुशार मुलं निवडली आणि त्यांचा आयुष्यभर मागोवा घेण्याचा प्रकल्प उभारला. निवडीसाठी तपासलेल्यांपैकी विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ ही दोन मुलं गुण कमी पडले म्हणून गळाली. दोघांनाही पुढे भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, १९५६ आणि १९६८ मध्ये. निवडलेल्या दीड हजारांत मात्र नोबेल कोणालाच मिळालं नाही.

आता शाळा. महाराष्ट्रात 'हुशार मुलांची शाळा' म्हटलं की पुण्याच्या सदाशिव पेठेतली ज्ञान प्रबोधिनी डोळ्यांसमोर येते. अप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये ही संस्था काढली आणि १९६९ मध्ये तिची प्रशाला सुरू झाली. प्रवेश पाचवीला आणि तोही बुद्धिमत्तेच्या चाचण्यांवर. जे. पी. गिलफर्ड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने बुद्धीचे अनेक वेगवेगळे घटक मानले होते; प्रबोधिनीतल्या मानसशास्त्रज्ञांनी त्या विचारावर मराठीतून चाचण्या बेतल्या. प्रकल्प, गावोगावचे अभ्यासदौरे, दलावरचे म्हणजे मैदानावरचे सांघिक खेळ अशी तिथली घडण. विसर्जन मिरवणुकीत ढोल वाजवत, बरची खेळत जाणारी तिथली मुलं-मुली पुणेकरांना ठाऊक आहेत. बुद्धिमान मुलाने समाजाचं देणं फेडलं पाहिजे, हा अप्पांचा आग्रह होता. हुशारी ही खासगी मालमत्ता नव्हे असं मानणारी शाळा दुर्मीळच.

तरीही प्रबोधिनीसाठी नोकरी बदलून पुण्याला बिऱ्हाड हलवणाऱ्या पालकांनी दोनदा विचार करावा. जागा मोजक्या असतात. शिवाय मूल दहा वर्षांचं होईपर्यंतची पहिली ते चौथी ही वर्षं, ज्यांत कंटाळ्याची सवय मुरते, ती दुसरीकडेच काढावी लागतात.

गावाकडच्या मुलांसाठी सरकारने दोन वेळा मनावर घेतलं. साठच्या दशकात राज्यात शासकीय विद्यानिकेतनं निघाली. औरंगाबाद, धुळे, साताऱ्याकडचं पुसेगाव अशा ठिकाणी शिष्यवृत्ती परीक्षेत चमकलेली शेतकऱ्यांची, मजुरांची पोरं वसतिगृहात राहून शिकली. पुढे १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून नवोदय विद्यालयं आली. देशातल्या पहिल्या दोन नवोदयांपैकी एक अमरावतीचं, दुसरं हरियाणातल्या झज्जरचं.

नवोदयबद्दल शहरी मराठी वाचकाला फारसं माहीत नसतं. प्रवेश सहावीला. परीक्षा पाचवीत असताना आणि ती मराठीतूनही देता येते: बौद्धिक क्षमता, अंकगणित आणि भाषा, दोन तासांत ८० प्रश्न. मूल ज्या जिल्ह्यात शिकतं त्याच जिल्ह्याच्या नवोदयसाठी बसता येतं आणि संधी एकदाच मिळते. हुकली की हुकली. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना. राहणं, जेवण, पुस्तकं, गणवेश हे सगळं सरकारकडून. नववीत काही मुलांना वर्षभर दुसऱ्या भाषेच्या प्रांतातल्या नवोदयमध्ये पाठवतात. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निघालेल्या मुलाला एवढं फुकटात देणाऱ्या व्यवस्था देशात मोजक्याच. खटकतं ते इतकंच की या परीक्षेसाठीही आता गल्लोगल्ली क्लास निघाले आहेत, आणि चाचणीत चमकणारी बुद्धी कुठली आणि घोटून घेतलेली कुठली, हे ओळखणं अवघड होत चाललं आहे.

बाकीच्या शाळांचे हात कायद्याने बांधलेले आहेत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रवेशाच्या वेळी मुलाची किंवा पालकांची परीक्षा घ्यायला बंदी घातली. ही बंदी योग्यच आहे. तीन वर्षांच्या पोराची आणि त्याच्या आईबापांची मुलाखत हा प्रकार लाजिरवाणा होता. पण त्यामुळे 'आमच्या शाळेत निवडक हुशार मुलं आहेत' अशी पहिलीच्या प्रवेशाची जाहिरात कुठे दिसली, तर पालकांनी ती मागच्या पावली परतण्याची खूण समजावी.

एकदम वरच्या इयत्तेत बसवलं तर? हा प्रश्न काढला की आजी-आजोबांपासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळे एकमुखाने 'नको' म्हणतात. मूल लहान पडेल, मोठी मुलं त्रास देतील, कोवळ्या वयात ताण नको. ऐकायला पटतं. ऑस्ट्रेलियातल्या मिराका ग्रॉस यांनी अत्युच्च बुद्ध्यांकाच्या ६० मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला तेव्हा चित्र बरंचसं उलटं निघालं. ज्यांना दोन-तीन इयत्ता पुढे नेलं होतं त्यांचं अभ्यासात आणि मैत्रीतही बरं चाललं होतं. जी मुलं वयाच्या नियमाने वर्गातच बसवून ठेवली, त्यांच्यातली बरीच एकाकी आणि शाळेला कंटाळलेली होती. वर्गातल्या कोणाशीच बोलण्यासारखं काही नसेल तर वय सारखं असून उपयोग काय?

ग्रॉस यांनी अभ्यासलेल्या मुलांपैकी जगाला ठाऊक असलेलं नाव म्हणजे टेरेन्स ताओ. जन्म १९७५, ॲडलेड. साडेतीन वर्षांचा असताना त्याला शाळेत घातलं. जमलं नाही, तर आईवडिलांनी गाजावाजा न करता काढून घेतलं. पाचव्या वर्षी त्यांनी निवडली ती जवळची साधी सरकारी शाळा, कारण तिथल्या मुख्याध्यापकांची लवचीक राहण्याची तयारी होती. मग गणिताला एका इयत्तेत, भाषेला दुसऱ्या, खेळायला आपल्या वयाच्या पोरांत, अशी त्याची वर्गावर्गांतून ये-जा सुरू झाली. १९८६ मध्ये दहा वर्षांचा असताना त्याने आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडमध्ये कांस्यपदक मिळवलं, १९८८ मध्ये सुवर्ण. विद्यापीठात याहून लवकर जाणं त्याला जमलं असतं. आईवडिलांनी पूर्णवेळ पाठवला तो चौदाव्या वर्षी. २००६ मध्ये फील्ड्स पदक मिळालं.

आपल्याकडे पाटण्याच्या तथागत अवतार तुलसीचं नाव गाजलं होतं. १९८७ चा जन्म, दहाव्या वर्षी बी.एस्सी., बाराव्या वर्षी एम.एस्सी. वर्तमानपत्रांनी त्याला डोक्यावर घेतलं, नंतर शंकाही घेतल्या. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतून त्याने पीएच.डी. केली, २०१० मध्ये आयआयटी मुंबईत शिकवायला लागला. पुढे आजारपण आणि लांबलेली रजा यांत गाडी अडली आणि २०१९ मध्ये ती नोकरी संपली. एका माणसाच्या आयुष्यावरून सिद्धान्त मांडू नये. पण दोन्ही मुलं पुढे नेली गेली, आणि ताओच्या घरी पदवीच्या वयाचा विक्रम करायची कोणाला घाई नव्हती, एवढा फरक नजरेत भरतो.

महाराष्ट्रात पूर्ण इयत्ता ओलांडायची म्हटली की मुख्याध्यापक नियमावर बोट ठेवतात, आणि ते समजण्यासारखं आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या दहावीलाही वयाची चौदा वर्षं पूर्ण लागतात. मधली वाट मात्र कोणत्याही नियमात न अडकता निघू शकते: मूल दुसरीतच राहील, पण गणिताच्या तासाला चौथीत जाऊन बसेल. त्यासाठी करायचं एवढंच की दोन्ही वर्गांचा गणिताचा तास वेळापत्रकात एकाच वेळी ठेवायचा. लहान शाळेत, जिथे एकच गुरुजी दोन-तीन इयत्ता एकत्र शिकवतात, तिथे तर हे आपोआपच होतं. जिल्हा परिषदेची दोनशिक्षकी शाळा याबाबतीत लाखभर फी घेणाऱ्या शाळेला मागे टाकते, हे कोणाच्या फारसं लक्षात येत नाही.

शाळाच सोडणारेही आहेत. मुंबईच्या मालविका राज जोशीला आईने सातवीत शाळेतून काढलं, ते पुस्तकी ज्ञानापेक्षा मुलीचा आनंद मोठा वाटला म्हणून. घरी शिकताना मुलीला प्रोग्रामिंगचा छंद लागला आणि आंतरराष्ट्रीय माहितीशास्त्र ऑलिम्पियाडमध्ये तिने दोन रौप्य आणि एक कांस्यपदक मिळवलं. बारावीचं प्रमाणपत्र नाही म्हणून आयआयटीचं दार बंद. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटने मात्र तिची तयारी पाहून तिला एम.एस्सी.च्या पातळीच्या अभ्यासक्रमाला घेतलं, आणि २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीने शिष्यवृत्ती देऊन बोलावलं. ही गोष्ट वाचून राजीनामा लिहायला बसणाऱ्या आयांनी एक लक्षात घ्यावं: तिच्या आईने स्वतःची नोकरी सोडून घरी अभ्यासक्रम बसवला होता. दर महिन्याच्या पगारावर घराचा हप्ता अवलंबून असलेल्या कुटुंबाला हा मार्ग दाखवणं सोपं, चालायला लावणं क्रूर.

उरलेल्यांनी काय करावं? अनेक जाणत्या पालकांनी शोधून काढलेला तोडगा असा, की सगळं शाळेकडून मागायचं नाही. शाळा घराजवळची, मित्र गल्लीतले, आणि डोक्याचा खुराक बाहेरून. पुण्यात आयुका या खगोलविज्ञान संस्थेची मुक्तांगण विज्ञान शोधिका शाळकरी मुलांना खेळण्यांतून विज्ञान दाखवते, पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून ती उभी राहिली. तिथे अनेक वर्षं काम केलेले अरविंद गुप्ता यांनी शेकडो मराठी पुस्तकं इंटरनेटवर फुकट ठेवली आहेत, म्हणजे गडचिरोलीच्या मुलालाही ती उघडतात. गणितवेड्या मुलांसाठी श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ मध्ये स्थापन केलेलं भास्कराचार्य प्रतिष्ठान आहे. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, जिथून भारताच्या ऑलिम्पियाड चमूंची तयारी होते. अशा ठिकाणी मुलाला पहिल्यांदाच एखादं गणित दोन दिवस सुटत नाही. ज्याला शाळेत कधीच काही अडलं नाही, त्याला अडण्याची सवय लागणं हीच मोठी कमाई. शिवाय तिथे 'तूही हे वाचलंस?' म्हणणारं दुसरं पोर भेटतं.

इथे सावध राहायला हवं ते 'ऑलिम्पियाड' या पाटीबद्दल. शाळेतून अर्ज वाटून, फी घेऊन, पहिलीच्या मुलांनाही पदकं देणाऱ्या खासगी परीक्षांचा त्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडशी काही संबंध नसतो. मुंबईच्या विज्ञान शिक्षक मंडळाची होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा १९८१ पासून सहावी आणि नववीसाठी चालते. लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिक, मग कृतिसंशोधनाचा प्रकल्प आणि मुलाखत असे टप्पे असतात. मुलाने स्वतः प्रकल्प केला तर ती स्पर्धा सोन्याची. क्लासने करून दिला तर मुलाच्या हाती पदक येतं, बाकी काही नाही.

एक गट सगळ्यांच्या नजरेतून सुटतो. तोंडी उत्तरं थक्क करणारी, वाचन अडखळत, अक्षर कुत्र्या-मांजरांच्या पायांसारखं. अशा मुलाला अध्ययन अक्षमता असू शकते आणि तीव्र बुद्धीही, दोन्ही एकदमच. बुद्धी अडचण झाकते, अडचण बुद्धी झाकते आणि वर्गात तो 'साधारण' म्हणून खपतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, त्यामुळे परीक्षेत सवलती मिळू शकतात. शंका असेल तर चाचणी करून घ्यायला उशीर लावू नये.

वेगळ्या शाळा, वेगळे वर्ग यांबद्दल जगातही फेरविचार चालू आहे. सिंगापूरने १९८४ पासून तिसरीतल्या मुलांची परीक्षा घेऊन वरची एक टक्का मुलं मोजक्या शाळांत नेली. त्या परीक्षेसाठी शिकवण्या लागल्या, आईबापांची झोप उडाली. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या पंतप्रधानांनी ही पद्धत आहे त्या रूपात बंद करून प्रत्येक प्राथमिक शाळेतच अशा मुलांची सोय करण्याचं जाहीर केलं. आपलं २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण कागदावर तरी तिकडेच बघतं. शिक्षकांनी असामान्य मुलं ओळखावीत, त्यांना जादा काम आणि मार्गदर्शन द्यावं, बी.एड.ला हा विषय विशेष अभ्यासासाठी ठेवावा, आणि शाळा, शाळासमूह, जिल्हा अशा पातळ्यांवर विषयवार मंडळं काढावीत, असं त्यात लिहिलेलं आहे. यातलं गणित मंडळ तुमच्या जिल्ह्यात चालतं का, हे गटशिक्षणाधिकाऱ्यांना विचारून बघा.

शाळा बघायला जाल तेव्हा इमारत, बस आणि निकालाचे फलक बघून झाले की मुख्याध्यापकांना एकच विचारावं: "वर्गातलं काम पाच मिनिटांत संपवणाऱ्या मुलाला तुम्ही मग काय देता?" 'आमच्याकडे सगळीच मुलं हुशार आहेत' असं उत्तर आलं तर नमस्कार करून निघावं. 'ग्रंथालयाची किल्ली देतो', 'वरच्या वर्गात बसवून बघू', अगदी 'विचार केला नाही, पण करू या' असं उत्तर आलं, तर ती शाळा धरावी, बोर्ड कुठलंही असो.

आणि जे आधीच एका शाळेत आहेत त्यांच्यासाठी: सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत, असं शिक्षण हक्क कायदा सांगतो. खासगी शाळेत पालक-शिक्षक संघ असतो. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर लवकर काम संपवणाऱ्या मुलांसाठी शाळा काय करणार, हा विषय घ्यायला लावा आणि जे उत्तर मिळेल ते इतिवृत्तात लिहून घ्या.